मुंग्या येणारा हात आणि पुढची दहा वर्षे

गेल्या महिन्यात एका वाचक भगिनीचे पत्र आमच्याकडे आले. पोस्टाने नव्हे. वहीचे पान फाडून लिहिलेले आणि नातवाच्या हाती घरी पोचते केलेले. पहिलीच ओळ अशी, की अक्षर वाईट आले आहे, पेन बोटांत राहत नाही, माफी असावी. या ताई एका खानावळीत पोळ्या लाटतात. सकाळ-संध्याकाळच्या मिळून अडीचशेच्या वर. वर्षभर उजव्या हाताला रात्री मुंग्या येत होत्या, आता दिवसाही बोटे बधिर असतात. डॉक्टरांनी तपासण्या करून आजाराचे नाव सांगितले आहे : कार्पल टनेल सिंड्रोम. ऑपरेशन करा म्हणतात.

ताईंचा पेच पुढे आहे. सरकारी रुग्णालयात तळहाताला चीर देऊन, टाके घालून ऑपरेशन होईल, महिनाभर लाटणे बंद. एका खासगी दवाखान्यात सांगितले, की सोनोग्राफीच्या पडद्यावर बघत अर्ध्या सेंटीमीटरच्या छिद्रातून करू, टाका नाही, आठवड्यात हात मोकळा. त्याचा खर्च ऐकून घरात दोन दिवस कोणी बोलले नाही. मुलगा म्हणतो, पतपेढीतून कर्ज काढू. ताई विचारतात, "कर्ज काढायला माझी ना नाही. पण एवढे पैसे घातल्यावर हात दहा वर्षे टिकेल का? आणि साधे ऑपरेशन केलेला हात लवकर बिघडतो का?"

आम्ही डॉक्टर नाही, बी.कॉम. झालेले कारकून आहोत. पण हा आजार आमच्या घरात येऊन गेला आहे, आणि ताईंचा प्रश्न इतका नेमका आहे, की त्याला "डॉक्टर सांगतील तसे करा" एवढेच उत्तर देणे आम्हाला बरे वाटले नाही. माहीतगार अस्थिरोगतज्ज्ञांना विचारून आणि जे छापून आले आहे ते वाचून आम्हाला जे कळले ते येथे देत आहोत.

आधी हाताची रचना बघू. आपल्या मनगटाशी आठ लहान हाडे आहेत. त्यांची मिळून एक पन्हळ तयार होते आणि तळहाताच्या बाजूने त्या पन्हळीवर एक जाड, चिवट पट्टा ताणून बसवलेला असतो. म्हणजे बोगदाच झाला. या बोगद्यातून बोटे मिटवणाऱ्या नऊ दोऱ्या जातात, आणि त्यांच्याच सोबतीने एक नस जाते, मीडियन नर्व्ह नावाची. रक्ताची नस नव्हे, संवेदनेची. दोऱ्यांभोवती सूज आली किंवा अन्य कारणाने जागा कमी पडली की हाडे हलत नाहीत, पट्टा ताणत नाही, चेपली जाते ती नस. अंगठा, त्याच्या शेजारची दोन बोटे आणि अनामिकेची अंगठ्याकडची अर्धी बाजू हा तिचा मुलूख. तिथेच मुंग्या येतात. करंगळी सुटते, कारण तिची नस वेगळ्या वाटेने येते. म्हणून हाताला मुंग्या येतात असे डॉक्टरांना सांगताना कोणत्या बोटांना, ते आवर्जून सांगावे. तेवढ्यावरून अर्धे निदान होते.

रात्री जास्त का? झोपेत मनगट दुमडले जाते आणि बोगद्यातला दाब वाढतो. माणूस दचकून उठतो आणि हात झटकतो. झटकल्यावर बरे वाटते. हे हात झटकणे या आजाराची मोठी खूण मानतात. दुसरी खूण घरी बघता येते. दोन्ही हातांच्या पाठी एकमेकींना टेकवून, बोटे खाली करून, मनगटे मिनिटभर दुमडून धरायची. मुंग्या आल्या तर संशय पक्का होतो. अमेरिकेतल्या क्लीव्हलंड येथील डॉ. जॉर्ज फॅलन यांच्या नावाने ही चाचणी ओळखली जाते. १९६६ साली त्यांनी १७ वर्षांत तपासलेल्या ६५४ हातांचा अहवाल प्रसिद्ध केला आणि हा दुर्मिळ नव्हे तर रोजच्या आढळातला आजार आहे हे डॉक्टरमंडळींच्या गळी उतरवले.

हा आजार पुरुषांपेक्षा स्त्रियांना अधिक होतो. गरोदरपणात होतो आणि बहुधा बाळंतपणानंतर ओसरतो. मधुमेह, थायरॉईड कमी असणे, संधिवात, लठ्ठपणा यांच्या सोबतीने येतो. जोर लावून पुन्हा पुन्हा मूठ आवळण्याचे काम आणि हातात थरथरणारी यंत्रे, म्हणजे दगड फोडण्याचे किंवा घासकामाचे मशीन, यांचा या आजाराशी चांगलाच संबंध दिसतो. आमच्या ऑफिसात मात्र ज्याला त्याला वाटते की टायपिंगने होतो. त्याचा पुरावा तेवढा भक्कम नाही. कारकुनांनी उगाच मानधन मागू नये.

आता आमच्या घरची गोष्ट सांगतो, कारण त्यातली चूक आमची आहे.

आमच्या पत्नीला २०११ पासून रात्री मुंग्या येत. "अहो, हात मेल्यासारखा झालाय," म्हणत ती उठून बसे, हात झटके, पलंगाखाली लोंबता सोडून पुन्हा झोपे. आम्ही कूस बदलून म्हणायचो, "कामाने दुखतो, तेल लाव." सकाळी ती डबे करी, आम्ही ऑफिसला जायचो, संध्याकाळी सभा, बैठका, लोकांची रेशनकार्डे आणि जातीचे दाखले. लोकांच्या अर्जावर सही कुठे करायची हे आम्ही दाखवत फिरत होतो, आणि घरातल्या बाईला सही करायला पेन धरवत नव्हते हे आम्हाला दिसले नाही. पुढे एका दवाखान्यात दाखवले. तिथे मानेचा मणका झिजला आहे म्हणून पट्टा दिला, गोळ्या दिल्या, शेक दिला. दोन वर्षे मानेला पट्टा बांधला आणि आजार मनगटात बसून राहिला. कोणत्या बोटांना मुंग्या येतात हे तिथे कोणी विचारले नाही, आम्हीही सांगितले नाही.

२०१४ मध्ये तिच्या हातून भरलेले पातेले सुटले आणि पायावर पडले. तेव्हा आम्ही जागे झालो. सरकारी रुग्णालयात अस्थिरोग विभागातल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी दोन्ही तळहात शेजारी शेजारी उजेडात धरायला लावले. अंगठ्याच्या मुळाशी जो मांसल उंचवटा असतो तो डाव्या हाताला भरलेला होता, उजव्या हाताला खळगा पडला होता. तीन वर्षे आम्ही तो हात पाहत होतो. नसेत वीज सोडून करतात ती तपासणी झाली, आणि तीन आठवड्यांनी ऑपरेशन. चीर देऊन, जागेपुरती भूल देऊन. पंधरा-वीस मिनिटांत बाहेर आली आणि संध्याकाळी घरी आली.

त्या रात्री ती झोपली. मुंग्या आल्या नाहीत, त्या आजतागायत आल्या नाहीत. तळहात मात्र दुखला. पट्टा जिथे दोन्ही बाजूंच्या हाडांना चिकटलेला असतो तिथे, म्हणजे तळव्याच्या दोन्ही कडांना, दाबले की कळ येई. भांडे पिळून घासताना तीन महिने त्रास झाला. बोटांची बधिरता हळूहळू वर्षभरात पुष्कळ गेली. अंगठ्याचा खळगा भरला नाही. आजही बरणीचे झाकण ती डाव्या हाताने उघडते आणि सुईत दोरा नातीकडून ओवून घेते.

हे सगळे ताईंच्या प्रश्नासाठी सांगितले. कारण ऑपरेशन कोणत्याही पद्धतीचे असो, आत जे घडते ते एकच आहे : तो ताणलेला पट्टा आडवा कापायचा आणि नसेला जागा करून द्यायची. नसेला कोणी हात लावत नाही, दोऱ्यांना लावत नाही. कापलेला पट्टा पुढे जरा लांब होऊन पुन्हा सांधतो. १९३३ साली जेम्स लर्मंथ या शल्यचिकित्सकांनी अशा शस्त्रक्रियेची पहिली नोंद प्रसिद्ध केली, तेव्हापासून मुद्दा तोच आहे. पट्ट्यापर्यंत पोचायचे कसे, एवढाच काय तो वाद. पूर्वी तीन-चार सेंटीमीटर चीर देत, मग ती दोन सेंटीमीटरवर आली, मग दुर्बिणीने करू लागले. सोनोग्राफीची मदत घेऊन पट्टा कापण्याचे काम जपानच्या नाकामिची आणि ताचिबाना या डॉक्टरांनी १९९७ साली प्रसिद्ध केले. त्यांची चीर सेंटीमीटर-दीड सेंटीमीटरची होती. पुढे हत्यारे बारीक होत गेली आणि स्पेन, फ्रान्स, अमेरिका येथे ही पद्धत आणखी लहान छिद्रावर आली. काही जण तर चाकू न वापरता सुईने आत दोरा ओवून त्या दोऱ्यानेच पट्टा कापतात.

सोनोग्राफी म्हटले की आपल्याकडच्या बायांना पोट तपासणे आठवते. यंत्र तेच, आवाजाच्या लहरींचे. त्याची दांडी मनगटावर ठेवली की पडद्यावर पट्टा दिसतो, सुजलेली नस दिसते, रक्तवाहिन्या धडधडताना दिसतात. कातडी उघडी न करता डॉक्टर हत्याराचे टोक कुठे आहे ते पाहू शकतात. अंगठ्याकडे जाणारी नसेची एक बारीक फांदी तिथेच जवळपास असते आणि ती सगळ्यांची एकाच जागी नसते. ती दुखावली तर अंगठा जातो. म्हणून पडदा कामाचा. पण पडदा वाचता येणारा माणूसही हवा, नुसते यंत्र काही कापत नाही.

आता टिकण्याचा प्रश्न. चीर देऊन केलेल्या ऑपरेशनचा दूरवरचा हिशेब उपलब्ध आहे. अमेरिकेतल्या बॉस्टनच्या डॉक्टरांनी २०१३ साली ११३ रुग्णांची पाहणी प्रसिद्ध केली. या सर्वांच्या ऑपरेशनला किमान १० वर्षे, सरासरी १३ वर्षे झाली होती. त्यांतल्या ८८ टक्के लोकांनी आपण पूर्ण किंवा फार समाधानी आहोत असे सांगितले. ७४ टक्के लोकांचा त्रास पूर्णपणे गेलेला होता. दुसऱ्यांदा ऑपरेशन करावे लागले ते फक्त दोघांना. ताई, हे तुम्ही ज्याला साधे म्हणता त्या ऑपरेशनचे आकडे आहेत. साधे केलेला हात लवकर बिघडतो ही समजूत डोक्यातून काढून टाका.

सोनोग्राफीच्या पद्धतीची पाहणी बहुतेक वर्ष-दोन वर्षांची आहे. जपानी डॉक्टरांनी चीर देऊन केलेले आणि सोनोग्राफीच्या मदतीने केलेले असे दोन गट करून दोन वर्षे पाहिले. पहिल्या तीन महिन्यांत सोनोग्राफीवाल्यांचे दुखणे कमी, हाताची ताकद अधिक. पण नसेचे बरे होणे दोन्हीकडे सारखेच. स्पेनमध्ये २०१६ साली ९२ रुग्णांची अशीच तुलना प्रसिद्ध झाली. रोजच्या कामांना लागायला सोनोग्राफीवाल्यांना सरासरी ५ दिवस लागले, लहान चिरेवाल्यांना सुमारे २५. हा फरक लहान नाही. परंतु वर्ष उलटेपर्यंत तो जवळपास मिटून गेला. त्यानंतर अमेरिकेत झालेल्या अभ्यासांचा रोखही असाच आहे : आराम पडतो, वर्षभराने आणि दोन वर्षांनी पाहिले तरी तो टिकलेला असतो, जखम कमी दुखते, आणि शेवटी नसेला मिळणारा लाभ चीर दिलेल्यांच्या बरोबरीचा.

आम्ही वहीखात्याची माणसे. आम्हाला हे असे दिसते, की शिल्लक दोन्ही खात्यांत सारखी आहे, फरक आहे तो पहिल्या दोन-तीन महिन्यांच्या नोंदींत. खासगी दवाखान्यात जे जादा पैसे मागतात ते दहा वर्षांसाठी नाहीत, त्या पहिल्या महिन्यांसाठी आहेत. हे कळले की सौदा स्वच्छ दिसतो. ज्या बाईची एका महिन्याची रजा म्हणजे कायमची सुट्टी, तिच्यासाठी ते पंधरा-वीस दिवस खरोखर मोलाचे असू शकतात, आणि तिला कोणी चैन करते असे म्हणू नये. पण महिना कसाबसा निभावता येत असेल, तर त्यासाठी पतपेढीचे कर्ज तीन वर्षे फेडत बसणे आम्हाला पटत नाही. कर्ज फेडायला हाच हात लागणार आहे.

मग हात टिकणे कशावर अवलंबून असते? पहिले, वेळ. रात्रीच्या मुंग्या आहेत, बधिरता येते आणि जाते, अंगठ्याचा उंचवटा भरलेला आहे, अशा वेळी नस मोकळी झाली तर ती पुरती सावरण्याची आशा असते. उंचवटा बसला, बोटे चोवीस तास बधिर झाली, की मग जगातल्या कोणत्याही हत्याराने केले तरी गेलेले सगळे परत येत नाही. आमच्या घरी तेच झाले. दुसरे, निदान. मुंग्या मानेमुळेही येतात, साखरेने नसा खराब झाल्यामुळेही येतात, आणि कधी दोन्ही एकत्र असतात. चुकीच्या जागी कापून चांगला निकाल कसा लागणार? तिसरे, पट्टा शेवटपर्यंत कापला गेला की नाही. पुन्हा त्रास सुरू झालेल्यांत, किंवा मुळात न थांबलेल्यांत, बऱ्याच वेळा पट्ट्याचा तुकडा राहून गेलेला असतो. म्हणून जो डॉक्टर हे काम नेहमी करतो त्याच्याकडे जावे, मग तो कोणत्याही पद्धतीने करो. सोनोग्राफीने करणाऱ्याला "तुम्ही असे किती हात केले?" हे विचारायला लाजू नये. पोळीची कणीक कोणी मळली हे आपण विचारतो, हा तर हात आहे.

ऑपरेशनच्या आधीचेही थोडे सांगायला हवे. आजार नवा असेल तर मनगट सरळ धरणारा पट्टा रात्री बांधून झोपावे. दिवसा नव्हे, रात्री. सहा आठवडे नेमाने बांधल्यावर अनेकांचे भागते. मेडिकलच्या दुकानात मिळतो, पण त्यातली पट्टी मनगट मागे वाकवणारी नसावी, सरळ ठेवणारी असावी. स्टिरॉइडचे इंजेक्शन मनगटात देतात, त्याने आराम पडतो पण तो पुरतोच असे नाही. स्वीडनमध्ये २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, पट्ट्याने न भागलेल्या ज्या रुग्णांना इंजेक्शन दिले त्यांच्यापैकी चौघांतल्या तिघांना वर्षाच्या आत ऑपरेशन करावेच लागले. गरोदर बाई, किंवा चार महिन्यांनी लेकीचे लग्न आहे अशी आई, यांना तेवढी सवड मिळते हेही काही कमी नाही. रक्तातली साखर आणि थायरॉईड मात्र प्रत्येकाने तपासून घ्यावे. ऑपरेशन झाले आणि थायरॉईड तसेच राहिले तर दुसरा हात वाट बघत असतो.

ऑपरेशननंतर हात गळ्यात बांधून ठेवायचा नसतो. बोटे पहिल्या दिवसापासून हलवायची, रात्री उशीवर हात उंच ठेवायचा. टाके असतील तर साधारण दहा ते चौदा दिवसांनी काढतात. लाटणे, पिळणे, कोयता, हातोडा ही जोराची कामे चीर दिली असेल तर चार ते सहा आठवडे नकोत. रात्रीच्या मुंग्या आधी जातात, बधिरता सावकाश जाते, मुठीची ताकद सर्वांत शेवटी येते. दोन महिन्यांनी मूठ पूर्वीसारखी नाही म्हणून ऑपरेशन फसले असे समजून आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांनी तीन डॉक्टर बदलले. पाचव्या महिन्यात मूठ आपोआप आली. तोवर तिसऱ्या डॉक्टरांचे नाव झाले.

पत्रलेखिका ताईंकडे आम्ही पत्नीला घेऊन गेलो होतो. दोघींनी तळहात शेजारी शेजारी धरून पाहिले. ताईंच्या अंगठ्याचा उंचवटा अजून भरलेला आहे, किंचित मऊ लागतो एवढेच. आमची पत्नी त्यांना म्हणाली, "माझ्यासारखं करू नका ताई. ह्यांच्या बैठका संपायच्या नाहीत."

ताईंनी सरकारी रुग्णालयाचा केसपेपर काढला आहे. रक्त तपासले तर साखर थोडी वाढलेली निघाली, त्याच्या गोळ्या सुरू झाल्या. खानावळीच्या मालकीणबाईंशी बोलणे झाले. सहा आठवडे ताईंच्या जागी त्यांची सून लाटायला जाईल, ताई बाजूला बसून डाव्या हाताने भाजी निवडतील आणि हिशेबाची वही बघतील. त्यासाठी अर्धा पगार कबूल झाला आहे. ऑपरेशनची तारीख पुढच्या मंगळवारची मिळाली आहे.